पाहिले ते सांगावे, न पाहिले ते सांगू नये

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी एका सभासद बाईने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. आजवर उन्हाळी वाळवणे, मुलांचे संगोपन, बचत, व्रतवैकल्ये अशा विषयांवर येथे भाषणे झाली. मला मात्र विषय मिळाला तो असा : ‘माणसामाणसांतील जातिद्वेष व धर्मद्वेष थोपविण्यासाठी देशाचे सरकार काय करते?’ विषय ऐकून मी प्रथम नाहीच म्हटले. मी सातव्या इयत्तेपर्यंत शिकलेली, चूल-मूल सांभाळणारी बाई. सरकारचा कारभार मला काय ठाऊक! परंतु माझी भाची वकिलीचे शिक्षण घेते. सुटीत ती आली, तेव्हा तिच्याकडून मी एकेक कायदा समजावून घेतला, वहीत उतरवला, आणि मला जे उमगले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

मला उमगले ते आधीच सांगून टाकते. सरकार पुष्कळ करते. कायदे आहेत, शिक्षा आहेत, न्यायालये आहेत. पण त्या सर्वांच्या तळाशी एकच गोष्ट लागते. ज्याने पाहिले त्याने ‘मी पाहिले’ म्हणावे, आणि ज्याने पाहिले नाही त्याने उगाच काही सांगू नये. ही गोष्ट सरकारला स्वतः करता येत नाही. ती आपल्यालाच करावी लागते.

आता क्रमाने सांगते.

कागदावर हक्क लिहिला म्हणजे तो हातात येतोच असे नाही, हे आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात श्री. सी. के. बोले यांनी ठराव आणला, की सरकारी व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. तो मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्याचे पाणी कोणाला घेता आले काय? नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो बांधवांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा तो ठराव प्रथम कागदावरून खाली उतरला. त्यानंतर लोकांना मारहाण झाली व प्रकरण न्यायालयात गेले. हे तळे अनादि काळापासून आमच्यापुरतेच आहे, असा विरुद्ध बाजूचा दावा होता. तो त्यांना सिद्ध करता आला नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. म्हणजे पाणी पिण्याला एक दिवस लागला, आणि तो हक्क न्यायालयात टिकवण्याला दहा वर्षे लागली!

आपला वऱ्हाडही त्यात मागे नव्हता. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ सालीच चळवळ उभी राहिली. त्या नोव्हेंबरात अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. आपले डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी जिल्ह्यातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्य बांधवांना खुल्या केल्या. आपण ज्या गुरुकुंजाच्या सावलीत राहतो, तेथे राष्ट्रसंतांनी सामुदायिक प्रार्थनेत सर्वांना एका ओळीत बसवले. त्या ओळीत कोणाची जात विचारली जात नाही, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. आपल्या सासवांना मात्र ते नवलाचे वाटले होते, हेही विसरू नये.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि घटना तयार होऊ लागली. घटना समितीत १५ स्त्रिया होत्या. त्यांत दाक्षायणी वेलायुधन नावाच्या केरळच्या एकच भगिनी दलित समाजातील होत्या. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम समितीपुढे आले, त्या दिवशी त्याही सभागृहात बोलल्या. ते कलम मंजूर झाले आणि घटनेत त्याला १७ वा क्रमांक मिळाला. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, ती कोणत्याही रूपाने पाळणे हा गुन्हा आहे, असा त्याचा आशय. आधीच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांवर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही, असे सांगितले आहे.

येथे एक बारीक गोष्ट आहे, ती मला भाचीने सांगितली. अस्पृश्यतेच्या गुन्ह्याला शिक्षा ठरवण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला नाही. ३५ व्या कलमाने तो फक्त संसदेला दिला. कारण उघड आहे. एका राज्यात कडक कायदा आणि शेजारच्या राज्यात ढिला, असे झाले तर माणसाची किंमत सीमेवर बदलली असती. म्हणून हा कायदा साऱ्या देशाला एकच.

तो कायदा १९५५ साली झाला व १ जून १९५५ पासून लागू झाला. १९७६ साली तो अधिक कडक करण्यात आला आणि त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. देवळात, दुकानात, नळावर, दवाखान्यात कोणाला अस्पृश्य मानून अडवले तर एक महिना ते सहा महिने कैद आणि दंडही. १९७६ पासून ह्या गुन्ह्यांत आपसांत तडजोड करून खटला मिटवता येत नाही. म्हणजे गावातल्या चार मोठ्या माणसांनी ओट्यावर बसून ‘जाऊ द्या, मिटवून टाका’ म्हटले तरी मिटत नाही. आणि अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेमुळेच घडले असे न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे अडवणाऱ्यावर असते. जो सरकारी नोकर जाणूनबुजून तपास टाळील, त्याने गुन्ह्यास साहाय्य केले असे मानले जाते.

एवढ्यानेही भागले नाही. वस्त्या जाळणे, बायकांची विटंबना करणे, पाणी घाण करणे, जमीन बळकावणे असे प्रकार चालूच राहिले. म्हणून १९८९ साली संसदेने अत्याचार प्रतिबंधाचा कायदा केला. तो ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. यात विशेष न्यायालये आहेत, आरोपीला अटकपूर्व जामिनाची बंदी आहे, आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकले तर तोही आता गुन्हा आहे.

भगिनींनो, इतके कायदे आहेत तर गुन्हा का घडतो आणि घडला तर शाबीत का होत नाही? हा प्रश्न मी भाचीला विचारला. ती म्हणाली, “मावशी, साक्षीदार मिळत नाही.”

हे मला पटले, कारण असा एक प्रसंग माझ्या ओळखीच्या गावी घडलेला मला ठाऊक आहे. गावाचे नाव सांगत नाही. उन्हाळ्याचे दिवस होते. नळाला एक तास पाणी येई. पलीकडच्या वस्तीतली एक नवी सून घागर घेऊन रांगेत उभी राहिली. एका बाईने तिची घागर पायाने बाजूला सारली आणि जातीचे नाव घेऊन तिला वाटेल ते बोलली. सात-आठ बायका तेथे होत्या. पुढे चौकशी झाली तेव्हा एकीने सांगितले, मी आधीच निघून गेले होते. दुसरी म्हणाली, मला ऐकू आले नाही. तिसरीच्या घरच्यांनी तिला पुढेच येऊ दिले नाही. “आपल्याले काय करायचं हाय? मोठ्यायच्या भानगडीत आपण कायले पडाव?” असे घरोघरी बोलणे झाले. शेवटी भाजी विकणारी एक म्हातारी पुढे आली. तिचे त्या सुनेशी नाते नव्हते, जातही एक नव्हती. ती एवढेच म्हणाली, “म्या पायलं हाय, तं नाई कशी म्हनू?”

त्या म्हातारीच्या एका वाक्यावर ते प्रकरण उभे राहिले. पण तिला जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले. बसचे भाडे, दिवसाचा बुडालेला धंदा, कोर्टाचा जिना, आणि सोबत कोणी नाही. गावात परतल्यावर काहींनी तिची भाजी घेणे बंद केले. आता सांगा, उद्या दुसरी बाई कोणत्या धीराने पुढे येईल?

आणि साक्षीची किंमत किती मोठी असू शकते, हे तर आपल्या विदर्भाने फार दारुण रीतीने पाहिले. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील आई, तरुण मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना जमावाने ठार मारले. त्या माय-लेकींनी आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढे साक्ष दिली होती. म्हणजे त्यांनी जे पाहिले ते सांगितले होते. २००८ साली न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. त्यांतील सहा जणांची फाशी पुढे २०१० साली उच्च न्यायालयाने रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. परंतु अत्याचार प्रतिबंध कायद्याचे कलम काही तेथे लागू झाले नाही. जातीवरूनच हे केले, असे सिद्ध झाले नाही म्हणून. वाचून माझ्या अंगावर काटा आला. साऱ्या देशात ज्याची चर्चा झाली, त्या गुन्ह्यातही जात सिद्ध करणे इतके अवघड!

त्यानंतर कायद्यात बदल झाले, ते आपण नीट लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २०१५ साली संसदेने दुरुस्ती केली व ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. मोठ्या गुन्ह्यांत पूर्वी ‘जातीच्या कारणावरून’ केले हे दाखवावे लागे. आता समोरचा माणूस अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे माहीत असताना केले, एवढे पुरते. आणि आरोपी त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय मानते. गावात कोण कोणाला ओळखत नाही? त्याच दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे एक स्वतंत्र प्रकरण कायद्यात घातले. धाकदपटशापासून त्यांचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. आरोपपत्र दाखल झाल्यावर खटला शक्यतो दोन महिन्यांत संपवावा, असेही सांगितले.

आणखी एक गोष्ट तर बहुतेक बायकांना माहीतच नाही. ह्या कायद्याचे नियम १९९५ साली झाले. त्यांनुसार साक्षीला जाण्याचे भाडे सरकारने द्यावयाचे आहे. घराबाहेर गेलेल्या दिवसांचा भत्ता द्यावयाचा आहे, आणि तो शेतमजुराच्या किमान वेतनाहून कमी नसावा. आणि साक्षीदार बाई असेल, तर तिला आपल्या पसंतीचे एक माणूस सोबत नेण्याचा हक्क आहे. त्या सोबत्याचाही खर्च मिळतो. हे त्या भाजीवाल्या म्हातारीला कोणी सांगितले असते, तर ती एकटी कोर्टाचा जिना चढली नसती.

आतापर्यंत ‘पाहिले ते सांगावे’ यासंबंधी बोलले. आता दुसरा भाग, ‘न पाहिले ते सांगू नये’.

जातीवरून जसा द्वेष, तसा धर्मावरूनही. आणि ह्या द्वेषाला हल्ली पाय नव्हे, पंख फुटले आहेत. मोबाईलवर कोणीतरी चित्र धाडतो, ते कोठले, कधीचे, काही ठाऊक नसते. आपण दळण निवडता निवडता ते दहा जणींना पुढे पाठवतो. आपल्या अमरावती शहरात १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ रोजी काय झाले ते आपणांस आठवते. त्रिपुरात, म्हणजे येथून शेकडो कोसांवर, घडलेल्या गोष्टींच्या बातम्यांवरून येथे दगडफेक व जाळपोळ झाली. दुकाने फुटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. अकोल्यात मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली व एका माणसाचा जीव गेला. ज्याचा हातगाडीचा धंदा आहे, ज्याची रोजची मजुरी आहे, त्याच्या घरी त्या दिवसांत चूल कशी पेटली असेल, हे बाईमाणसाला सांगावे लागत नाही.

अशा वेळी सरकार काय करते? एक तर जमावबंदी, संचारबंदी, बंदोबस्त. दुसरे, कायद्याने शिक्षा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १९६ व्या कलमाने धर्म, वंश, भाषा, जात यांवरून लोकांत वैर पसरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेच काम प्रार्थनास्थळी केले तर पाच वर्षांपर्यंत. ३५३ वे कलम खोट्या बातम्या व अफवा यांबद्दलचे आहे, आणि त्यात मोबाईलवरून पसरवलेली अफवाही येते. तिसरे, एखादी संघटनाच देशविघातक कामे करीत असेल, तर १९६७ च्या कायद्याने केंद्र सरकार तिला बेकायदा ठरवू शकते. पण तेथेही सरकारच्या मनाला येईल तसे चालत नाही. तीस दिवसांत ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे ठेवावे लागते, आणि ते न्यायाधीश सहा महिन्यांत पुरावा पाहून बंदी योग्य की अयोग्य ते ठरवतात. म्हणजे सरकारलाही साक्षीपुरावा द्यावाच लागतो! मला हे फार बरे वाटले. द्वेष आवरणाऱ्या हातालाही लगाम हवा. नाहीतर तोच हात उद्या कोणावरही पडेल.

तथापि दंडुक्याने आग विझते, ठिणगी विझत नाही. ठिणगीवर उपाय कसा करावा, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातील भिवंडीने दिले. यंत्रमागांचे ते गाव. १९७० आणि १९८४ साली तेथे भयंकर दंगली झाल्या. १९८८ मध्ये श्री. सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तेथे आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या नेमल्या. त्यांत दोन्ही धर्मांची साधी माणसे घेतली. पोलिसांसह ती एकत्र बसत आणि नळाचे, गटाराचे, घरगुती भांडणांचे प्रश्न मिटवीत. त्यामुळे माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा जवळच असलेली भिवंडी शांत राहिली. तेथे अफवा आली नसेल काय? आली असेलच. पण ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचे माणूस होते.

ही गोष्ट आपल्या देशापुरतीही नाही. दक्षिण आफ्रिकेत काळ्या आणि आपल्या हिंदी लोकांना गोरे सरकार हीन वागवीत असे. १९४६ साली भारताने तेथील हिंदी लोकांचे गाऱ्हाणे प्रथम संयुक्त राष्ट्रांपुढे मांडले, आणि आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख एक स्त्री, विजयालक्ष्मी पंडित होत्या. वंशभेदाविरुद्धचा जगाचा करार १९६५ साली झाला व भारताने तो १९६८ मध्ये मान्य केला. जगाच्या चावडीवर आपण हे बोललो. तेव्हा आपल्या गावच्या नळावर आपण गप्प बसलो तर ते शोभेल काय?

आपण म्हणाल, बाई, बोलणे सोपे आहे. ज्या गावात राहायचे त्याच गावात साक्ष देणे सोपे नाही. हे अगदी खरे आहे. घरचे रागावतात. शेजार तुटतो. सावकारी, मजुरी, पाणी, सारे ज्यांच्या हाती त्यांच्याविरुद्ध एकटी बाई कशी उभी राहील? म्हणूनच एकटीने उभे राहू नये. त्यासाठीच तर मंडळ असते. आपण एकमेकींच्या घरी लग्नात वांग्याची भाजी चिरायला जातो, बाळंतपणात रात्ररात्र जागतो, मयतात डबा नेतो. मग साक्षीच्या दिवशी सोबत का जाऊ नये?

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली : आपल्यापैकी किंवा आसपासच्या गावांतील कोणत्याही बाईला, ती कोणत्याही जातीची वा धर्माची असो, अशा प्रकरणात साक्षीला जावे लागले, तर मंडळाच्या दोघींनी तिच्यासोबत तिवशाला वा अमरावतीला जावे. एकीचा खर्च नियमाने मिळेल, दुसरीचा मंडळाच्या वर्गणीतून द्यावा. आणि ती परत आल्यावर तिच्याशी कोणी बोलणे टाकले, तर आपण मुद्दाम तिच्या घरी जाऊन बसावे. दुसरी : मंडळाच्या मोबाईलवरील गटात कोणत्याही जातीविषयी वा धर्माविषयी जे स्वतः पाहिले नाही ते कोणी धाडू नये. कोणी धाडलेच तर ‘तू पाहिलेस काय?’ एवढेच विचारावे. तिसरी : पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाची आमंत्रणे गावातील प्रत्येक वस्तीत द्यावीत, आणि आमंत्रण द्यायला आपण स्वतः जावे. भिवंडीत जी ओळख समित्यांनी केली, ती आपल्याला वाणाच्या निमित्ताने करता येईल. विधवा भगिनींनाही त्यातून वगळू नये, असे मला वाटते. पण तो स्वतंत्र विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

ह्या सूचना कोणाला आवडतील, कोणाला आवडणार नाहीत. ज्यांना पटत नसतील त्यांनी येथेच, सर्वांसमोर, मोकळेपणाने बोलावे. पहिल्या सूचनेसाठी मी माझे नाव वहीत लिहिले आहे. सोबत जाणाऱ्या दुसरीच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे. सभा संपल्यावर वही चिटणीसबाईंच्या टेबलावर असेल.